सोंडेच्या उतरणीवरची घरगाडी

मित्रांनो, माझ्या पोटात एक पलंग आहे, गॅसची शेगडी आहे, पाण्याचा पिंप आहे आणि भिंतीला कॅलेंडरही आहे. मला चार चाकं आहेत, स्टिअरिंग आहे, नंबरप्लेट आहे. एवढं सगळं असूनही गेल्या माघापर्यंत मी धड घर नव्हते आणि धड गाडीही नव्हते. मी एक जुनी घरगाडी आहे. गाव दिग्गी, तालुका जोयडा. वय सतरा. माणसांत हे कॉलेजला जायचं वय असतं. आमच्यात भंगारात जायचं.

माझा जन्म कारखान्यात झाला. त्याच दिवशी तिथे माझ्यासारख्या आणखी साठजणी जन्मल्या, त्यामुळे पेढे कुणी वाटले नाहीत. तिथून मी आले ते थेट गणेशगुडीला, काळी नदीच्या काठावरच्या एका लॉजवर. काम सोपं होतं. बारा कोरडी माणसं नदीवर न्यायची आणि बारा ओली माणसं परत आणायची. डोक्यावर रबराची फुगलेली नाव. ज्यांच्यासाठी नाव नेली ती माणसं पाण्यात किंचाळत असत आणि नाव मात्र शेवटपर्यंत गप्प असे. तिच्याकडून मी गप्प राहायला शिकले. दसऱ्याला माझ्या बॉनेटवर झेंडूची माळ पडायची. पाहुणे माझ्या दारावर थाप मारून म्हणायचे, "काय गाडी आहे!" मित्रांनो, कौतुकाची सवय वाईट. ते थांबलं की कळतं, आपण त्याच्यावरच चालत होतो.

मग लॉजवर नवी पांढरी गाडी आली. तिला आत थंड हवा होती. मला फणसाच्या झाडाखाली उभं केलं, "उद्या बघू" म्हणाले आणि चार वर्षं उद्या आला नाही. चालकामागच्या सीटवर एका कोंबडीनं अकरा पिल्लं काढली. ती सगळी महिनाभर माझ्यात बसून होती, पण कुठेच गेली नाहीत. माझ्या आयुष्यातली सगळ्यात समाधानी सवारी तीच.

आता माझा मालक गणपती यांच्याविषयी सांगते. दिग्गीला त्यांचं भाताचं शेत. डोंगरउतारावर ते कोनं लावतात. कोनं म्हणजे आमच्या जोयड्याचा कंद, जमिनीतून उपटला की माणसाच्या मांडीएवढा निघतो. गणपतींनी साठ वर्षांत बैल सोडून काही हाकलं नव्हतं. त्यांची बायको गिरजाबाई. तिला दमा. दिग्गीची थंडी म्हणजे सकाळी नऊपर्यंत धुकं, समोरचा गोठासुद्धा दिसत नाही. मी येण्याच्या आदल्या थंडीत एका पहाटे तिचे ओठ निळे पडले. चार माणसांनी तिला खुर्चीत बसवून, खुर्ची खांद्यावर घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत नेलं. वाचली. कारवारचे डॉक्टर म्हणाले, "पुढची थंडी हिला डोंगरात काढू देऊ नका. दक्षिणेला, समुद्राकाठी, उबेत ठेवा. असा झटका पुन्हा आला तर मला काही सांगता येणार नाही."

गिरजाबाईनं एका वाक्यात विषय संपवला. "लोकाच्या घरात दोन म्हैनं कोण ऱ्हाईल? आपलं घर तिकडं असतं तर गेले असते."

गणपतींनी तीन दिवस विचार केला. मग बैलजोडी घेऊन ते गणेशगुडीला आले, कोंबडीला हात जोडले, तिला खाली ठेवलं आणि मला दोर बांधला. लॉजवाले म्हणाले, न्या, जागा तरी मोकळी होईल. दोन दिवस बैल मला ओढत होते. रस्त्यानं दुचाकीवाली पोरं हसत होती. माझ्यासारखी डिझेलवर चालणारी बाई बैलांच्या मागून निघाली होती, अशी लाज मला कधी वाटली नव्हती. ती लाज लक्षात ठेवा, मित्रांनो. पुढे लागणार आहे.

जोयड्याच्या नागराज मेस्त्रीनं मला चार महिने खोललं आणि जोडलं. पलंग बसवला, शेगडी बसवली. गिरजाबाईच्या दम्याच्या औषधाची वाफ करून देणारं यंत्र भिंतीला सहा स्क्रूंनी ठोकलं आणि माझ्या बॅटरीला जोडलं. हँडब्रेक मात्र त्याला जमला नाही. "मामा, ह्यो शोभेचा हाय," तो म्हणाला. गिरजाबाईनं लगेच त्याच्या दांडीला आपली पिशवी अडकवली. शोभेची वस्तू तरी रिकामी का ठेवायची?

गणपतींनी लायसन्स काढलं. गाडी चांगली चालवत. पण निघताना नागराजनं त्यांना थांबवलं.

"मामा, उताराला गाडी गियरातच ठिवायची. इंजिन बंद करायचं न्हाई. काय?"

"व्हय रं बाबा."

"काय व्हय?"

"तू म्हणतोस त्ये."

"मी काय म्हणतो?"

"इंजिन बंद करायचं न्हाई."

"कवा?"

गणपतींनी रस्त्याकडे बघितलं. "चढाला," ते म्हणाले.

नागराजनं कपाळाला हात लावला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. गणपतींनी मान हलवली. मान हलवणं आणि ऐकणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे मला त्या दिवशी कळायला हवं होतं.

दिवाळीनंतर निघायचं ठरलं होतं. पण भात कापायचं होतं. मग मळणी होती. मग गवे शेतात उतरू लागले, त्यांना हाकायचं होतं. मग कोनं खणायची होती. अशा रीतीनं आम्ही थंडीपासून पळायला निघालो, तेव्हा थंडी निम्मी सरली होती आणि उरलेली निम्मी आमचीच वाट बघत थांबली होती. माघाची थंडी ती. तशात गिरजाबाई म्हणाली, "उळवीच्या जत्रंत नारळ फोडल्याबिगर मी समुद्र बघायची न्हाई." आणि सहा पोती कोनं माझ्यात भरली.

"येवढी कशाला?" गणपतींनी विचारलं.

"कन्याकुमारीला मिळत्यात का?"

ह्याचं उत्तर दिग्गीत कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून पोती राहिली.

उळवीच्या जत्रेला खानापूर, बेळगावकडून लोक बैलगाड्या जोडून येतात. आठ-आठ दिवस वाटेवर. गाडीतच झोपतात, गाडीखाली चूल मांडतात, गाडीच्या दांडीला धोतरं वाळत घालतात. त्या सकाळी कुंबारवाड्याच्या पुढे आम्ही त्यांच्या रांगेत शिरलो. पुढे वीसेक गाड्या, मागे चाळीस. मला वाटत होतं, घरगाडी म्हणून ह्या रस्त्यावर मीच पहिली. मागेपुढे साठ घरं चाकांवर चालली होती आणि त्यांतलं कुणीही स्वतःविषयी एवढं बोलत नव्हतं.

उळवीच्या अलीकडे एक उतार लागतो. हत्तीच्या सोंडेसारखा वळतो, म्हणून गाडीवाले त्याला सोंडेची उतरण म्हणतात. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला काहीच नाही. चढ चढून आम्ही माथ्यावर आलो. माझं इंजिन तापलं होतं, धापा टाकत होतं. गणपतींनी माझ्या डॅशबोर्डवर हात फिरवला. "दमलीस व्हय गं?" ते हळूच म्हणाले. बैल चढून आला की त्याला दम खाऊ द्यायचा, ही त्यांची साठ वर्षांची सवय. त्यांनी गियर काढला आणि चावी फिरवून इंजिन बंद केलं.

मित्रांनो, एवढ्या मायेनं मला आजवर कुणी मारायला निघालं नव्हतं.

पहिली शंभर पावलं छान गेली. मग सहा पोती कोनं मागून मला ढकलू लागली. इंजिन बंद, त्यामुळे ब्रेकचं पायडल दगडासारखं घट्ट. गणपती दोन्ही पाय लावून दाबत होते. चाकांतून धूर निघाला, जळक्या रबरासारखा वास आत भरला आणि मागे पलंगावर गिरजाबाईला खोकल्याची ढास लागली. पुढच्या वळणावर आमच्या पुढची बैलगाडी दिसत होती. तिच्या मागच्या फळीवर दोन मुलं पाय सोडून बसली होती. ती माझ्याकडे बघून हात हलवत होती. पायडल खाली गेलं आणि खालीच राहिलं. ब्रेक संपले.

गणपतींनी हँडब्रेक ओढला. हातात पिशवी आली.

मुलं अजून हात हलवत होती. गणपतींनी एकदा दरीकडे बघितलं, एकदा डोंगराकडे, आणि स्टिअरिंग सगळंच्या सगळं डोंगराकडे फिरवलं. मी कडेच्या बांबूच्या बेटात घुसले. कडकड आवाज झाला. एक बांबू माझ्या तोंडातून आत शिरला आणि इंजिनाच्या पाइपा फोडून थांबला. डिझेल रस्त्यावर सांडलं. सगळं शांत झालं. त्या शांततेत फक्त गिरजाबाईच्या छातीतली शिट्टी ऐकू येत होती.

पुढच्या बैलगाडीचा धनी धावत आला. हा खानापूरकडचा कृष्णा. बघता बघता त्यानं माझ्या चारी चाकांना दगड लावले. त्याची बायको मंगल सरळ आत शिरली आणि गिरजाबाईला भिंतीला टेकवून बसवलं. यंत्र चालू केलं. वाफ येऊ लागली. पण ओठांचा रंग बदलत चालला होता. तो रंग गणपतींनी आधी एकदा बघितला होता.

"खाली जत्रंत डॉक्टरांचा तंबू हाय," कृष्णा म्हणाला. "ऑक्सिजनची नळकांडी हायती. दीड मैल आसंल."

"तुझ्या गाडीतनं नेऊ या," गणपती म्हणाले.

आतून मंगल ओरडली, "यंत्र काढलं तर आक्का जगायच्या न्हाईत! ठोकून बसवलंय ह्ये!"

सहा स्क्रू. नागराज मेस्त्री काम पक्कं करतो. फोन लावून बघितला, रेंज नाही. वरून मोटार यायला वाट नाही, खालूनही नाही. रस्ता सगळा बैलगाड्यांनी भरलेला. म्हणजे तिला खाली न्यायचं तर माझ्यातूनच न्यायचं. आणि माझी अवस्था अशी होती: गियरात घातली तर हलणार नाही, गियर काढला तर थांबणार नाही. तशात यंत्रावरचा हिरवा दिवा पिवळा झाला. बॅटरी जुनी होती. तीही माझीच.

कृष्णानं माझ्याभोवती एक फेरी मारली, मागचा हुक हातानं हलवून बघितला आणि म्हणाला, "मामा, आमच्या गाड्यांला कवा ब्रेक व्हता? बैल मागं जुपू. तोंड वर. वर वढतील आणि एकेक पाऊल मागं येतील. गाडी त्यांच्या जिवावर खाली जाईल."

"बैल उलटा चालतोय व्हय?" गणपतींनी विचारलं.

कृष्णाच्या चेहऱ्यावर प्रथमच जरा आनंद दिसला. "एक चालतोय," तो म्हणाला. "आमचा साहेब."

साहेब म्हणजे कृष्णाचा पांढरा, जाड मानेचा बैल. जागचा लवकर हलत नाही म्हणून हे नाव. आणि हलला तरी पुढे चल म्हटलं की मागे जायचा. आठ वर्षं त्यानं ह्याबद्दल शिव्या खाल्ल्या होत्या. दोनदा बाजारात नेला, पण गिऱ्हाइकासमोर पुढे चालून दाखवायला सांगितलं की मागे चालत घरी यायचा.

दोन जोड्या आणल्या. मागे दोर बांधले. कोनं उतरवायला लागले तेव्हा आतून आवाज आला. एक शब्द, मग श्वास, मग दुसरा शब्द.

"कोनं... टाकू... नगा."

"आक्का, टाकत न्हाई, आमच्या गाडीत घालतोय," मंगल म्हणाली. "तुम्ही माझ्या हाताकडं बघा. हात वर गेला की श्वास आत. खाली आला की भाईर. बोलायचं न्हाई."

कृष्णानं उताराकडे तोंड करून आरोळी दिली, "डावीकडं घ्या! गाडी येतीया! ब्रेक न्हाई!" पुढच्यानं ती त्याच्या पुढच्याला दिली. अशी ती वळणावळणानं खाली गेली. खालच्या वळणावरून एका म्हाताऱ्याचा प्रश्न वर आला, "ब्रेक न्हाई तर येतीया कशाला?" पण गाड्या डोंगराच्या अंगाला सरकू लागल्या. एका माणसाची वाट मोकळी झाली, मग बैलाची, मग माझी.

गणपती स्टिअरिंगवर बसले. बांबूतून मला मागे ओढलं, तोंड वाटेला लावलं आणि दगड काढले.

"साहेब! चल फुडं!" कृष्णा ओरडला.

साहेब मागे आला. एक पाऊल.

मी एक पाऊल खाली गेले. पुन्हा बैलांच्या दोराला बांधलेली, पण ह्या वेळी ती लाज कुठेच नव्हती.

मित्रांनो, त्या दीड मैलाविषयी मला फार विनोद करता येत नाही. दोर ताणला की माझ्या हाडांतून आवाज यायचा. दुसऱ्या तीन बैलांना उलटं चालणं म्हणजे काय ते कळत नव्हतं; साहेबाकडे बघून ते एकेक खूर मागे टाकत होते. चार माणसं चाकांबरोबर हातात दगड घेऊन चालत होती. आत मंगलचा हात वर जात होता, खाली येत होता. मधे एकदा तो वर गेला आणि गिरजाबाईचा श्वास त्याच्याबरोबर आत गेलाच नाही. मंगलनं हात तसाच वर धरून ठेवला. "आक्का. आक्का, वर हाय अजून. वर हाय." मग बारीक शिट्टी वाजली. हात खाली आला.

सोंडेच्या शेवटच्या वाकणावर मागच्या जोडीचा दोर तुटला.

मी सुटले. गणपतींच्या तोंडून फक्त "गिरजे" एवढंच निघालं. दोन हात, तीन हात, दरीकडचं चाक खडीवर गेलं, आणि मग मागून असा हिसका बसला की भिंतीवरचं कॅलेंडर खाली पडलं. साहेब बसला होता. रस्त्याच्या मधोमध पुढचे गुडघे टेकून, मान वर करून, सगळं अंग मागे टाकून तो बसला होता आणि त्याच्याबरोबर जोडीतला दुसराही खाली आला होता. चाकांबरोबरच्या माणसांनी दगड लावले. साहेबाच्या नाकातून वाफ येत होती. माझ्यातल्या यंत्रातून मात्र येत नव्हती. दिवा विझला होता.

"बॅटरी गेली!" मंगल ओरडली.

"किती राहिलं?" गणपती.

"त्यो बघा तंबू! दिसतोय!" कृष्णा.

आता यंत्रासाठी तिला माझ्यात ठेवण्यात अर्थ उरला नव्हता. गणपती खाली उतरले, मागे आले, गिरजाबाईला दोन्ही हातांवर घेतलं आणि पळाले. साठ वर्षांचा माणूस, उतारावर, बायकोला घेऊन. बैलगाड्यांतली माणसं उभी राहून बघत होती. तो म्हातारा प्रश्नवालाही वाट देऊन बाजूला उभा होता, पण ह्या वेळी त्यानं काही विचारलं नाही.

मी तिथेच उभी राहिले. तंबूच्या दारावरचा हिरवा पडदा पडला, आणि मग बराच वेळ हललाच नाही. गाडी असणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. माणसाला दारापर्यंत आणता येतं, आत जाता येत नाही.

पडदा हलला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. गणपती बाहेर आले. सरळ माझ्याकडे चालत आले, माझ्या फुटक्या तोंडाला कपाळ टेकवलं आणि रडले. कृष्णाला काही विचारायचं धाडस होईना. शेवटी गणपतीच म्हणाले, "इचारतीया, कोनं कुठं हायती."

तिसऱ्या दिवशी गिरजाबाई माझ्या पायरीवर उन्हात बसली होती. सहापैकी पाच पोती कोनं जत्रेच्या पंगतीत शिजली होती. खानापूरची माणसं बोटं चाटत होती. साहेबाच्या शिंगांना मंगलनं गोंडे बांधले होते. तो नेहमीसारखा जागचा हलत नव्हता आणि ह्या वेळी त्याला कुणी काही म्हणत नव्हतं. गणपती बायकोसमोर उकिडवे बसले होते. तीन दिवस एक गोष्ट सांगायची राहिली होती.

"गिरजे, इंजिन मीच बंद केलं. तिला दम लागला व्हता. वाटलं, जरा इसावा द्यावा."

गिरजाबाई माझ्याकडे बघत राहिली. मग त्यांच्याकडे.

"मला दम लागला तवा माझं न्हाई बंद केलंसा," ती म्हणाली. "मला घट्ट धरून पळालासा. तसंच तिला धरायचं व्हतं."

त्या वर्षी आम्ही कन्याकुमारीला गेलो नाही. समुद्रही दिसला नाही. नागराज मेस्त्री येऊन मला जोडेपर्यंत थंडी आपल्या पायानं निघून गेली. दक्षिणेला पळायला निघालेली मी तालुक्याची हद्दसुद्धा ओलांडली नाही. पण यंदा दिवाळीच्या दुसऱ्याच दिवशी निघालो, भात भावकीवर सोडून, कोनं एकच पोतं घेऊन. हँडब्रेक नवा आहे. पिशवी दाराच्या खिळ्याला असते. अणशीचा घाट उतरताना गणपतींनी पहिला गियर टाकला आणि एक हात सबंध घाटभर हँडब्रेकच्या दांडीवरून उचलला नाही. ह्या घडीला मी कारवारच्या पुढे, समुद्राकाठी, सुरूच्या झाडांखाली उभी आहे. आत गिरजाबाई झोपली आहे आणि तिच्या छातीतून काहीच आवाज येत नाही. हा काहीच नसलेला आवाज मी सकाळपासून ऐकत बसले आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी जुनी गाडी असेल, जुना बैल असेल, जुनं माणूस असेल. त्यांचे लाड करा, चढाला थांबून दम खाऊ द्या. पण उतार लागला की माया म्हणून त्यांना मोकळं सोडू नका. तिथे धरून ठेवायचं असतं. माझ्या मागच्या हुकाला कृष्णाचा तो दोर, साहेबानं ताणून धरलेला, अजून बांधलेला आहे. नागराज काढायला आला तेव्हा गिरजाबाईनं त्याचा हात धरला. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "त्यो शोभेचा न्हाई."